डाव्या पायाच्या चपला

पांडुरंगराव मास्तरांच्या सायकलीला ब्रेक नाही, असं हळ्ळीखेडात कुणी म्हणत नसे. ब्रेक होता. तो मागं कॅरिअरवर बसायचा, नऊवारी नेसायचा, आणि कवठवाडीचा उतार लागला की उजवा पाय खाली सोडून मुरमावर चप्पल घासत यायचा. मास्तर कधी एकटेच निघालेले दिसले, की पारावरचं कुणीतरी हटकून विचारायचं, "मास्तर, ब्रेक घरी ठेवून जायलात व्हय?" मास्तर घंटी वाजवायचे आणि पुढं जायचे.

सायकल निजामाच्या अमदानीतली, विलायती, काळी, उंच. मराठी शाळेत नोकरी लागली तेव्हा मास्तरांनी ती तहसिलीतल्या एका मुन्शीकडनं घेतली होती. तिचे ब्रेक तारेचे नव्हते, सळयांचे होते. मूठ दाबली की सळई वर ओढली जायची आणि रबराचे दोन तुकडे चाकाच्या कडीला आतनं जाऊन भिडायचे. ते रबर मुन्शीच्याच काळात झिजून गेले होते. लग्नानंतर मास्तर आणि कुसुमताई पहिल्यांदा कवठवाडीच्या दत्ताला निघाले तेव्हा उतारावर सायकल हातातनं सुटली. मास्तरांच्या तोंडून कसंबसं निघालं, "धर गं." मागं बसलेल्या नव्या नवरीनं दुसरं काही न सुचून पाय खाली सोडला. धुरळा उडाला, चप्पल करकरली, आणि दाव्यानं मागं खेचलेल्या वासरासारखी सायकल ओढ्याच्या अलीकडं बाभळीपाशी थांबली. दोघं तिथंच खाली बसून बराच वेळ हसली. परत गेल्यावर रबर बसवून घ्यायचं ठरलं होतं. ते राहून गेलं. पुढं पुढं ते राहिलेलंच बरं वाटू लागलं.

कुसुमताईंची उजवी चप्पल त्यामुळं लवकर झिजायची. डावी तशीच, कोरी करकरीत. चपला करणाऱ्या व्यंकटला त्या म्हणायच्या, एका पायाची करून दे की रे. तो म्हणायचा, "अक्का, एक पाय तुम्हाला दिल्यावर दुसरा मी कुणाला घालू? जोडच न्या." मग जोड यायचा. उजवी टाकायची वेळ आली की डावी त्या पुसून घ्यायच्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायच्या. मास्तर चिडवायचे, एका पायाचं दुकान घालायचंय का. त्यावर कुसुमताईंचं ठरलेलं उत्तर, चांगली वस्तू कामून टाकायची?

कवठवाडीत ओढ्याकाठी औदुंबराखाली दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंती झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं नरसिंहबुवांचं कीर्तन. दुपारचं यासाठी की आसपासच्या वस्त्यांतल्या बायामाणसांना अंधाराच्या आत घर गाठता यावं. बुवा उदगीरचे. पूर्वी उदगीर काय, हळ्ळीखेड काय, सगळं एकाच बिदर जिल्ह्यात होतं. मग राज्यं वाटली, उदगीर तिकडं गेलं, आपण इकडं राहिलो, मधे सरहद्दीचं नाकं पडलं. बुवा वीणा खांद्याला लावून येतच राहिले. आवाज फार मोठा नव्हता त्यांचा, पण त्यात असं काही होतं की मागच्या ओळीतल्या माणसालाही वाटावं, हा माझ्याशीच बोलायलाय.

मास्तर बुवांच्या मागं टाळ धरायचे. कुसुमताई बायकांत, दक्षिणेकडच्या खांबाला टेकून बसायच्या. आणि खरं सांगायचं तर त्या दोघांचं कीर्तन देवळात संपायचंच नाही. जाताना उतार म्हणजे येताना चढ. चढावर सायकल ढकलत न्यावी लागायची. मास्तरांचे हात मुठीवर, ताईंचा हात कॅरिअरवर. त्या चढावर बुवांचं सगळं कीर्तन नमनापासून पुन्हा व्हायचं. मास्तर चाल म्हणून दाखवायचे, ताई त्यातल्या चुका काढायच्या. निरूपण कुठं रंगलं, कुठं बुवांनी घाई केली, सारं निघायचं. वर माळावर पोचेपर्यंत एखादं भांडण मिटलेलं असायचं किंवा नवं लागलेलं. मग सायकलीवर बसून, सपाटीवरच्या तुरीच्या शेतांतून दोघं गप्प घरी यायची. पोटभर जेवून उठल्यावर माणसं असतात तशी.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्या सालच्या जयंतीला बुवांनी नवंच आख्यान लावलं. ते कुठल्या पोथीत नव्हतं. त्यांच्या गुरूंनी जाताना तोंडी दिलेलं होतं, आणि बुवा ते पहिल्यांदाच गादीवरून सांगत होते. मांजरेच्या काठचा एक नावाडी. एका वाटसरूला त्यानं पैलतीरी सोडलं. वाटसरू उतरला आणि म्हणाला, मी आलोच, तू पुन्हा अलीकडं जा आणि माझ्यासाठी नाव धरून ठेव. नावाड्यानं त्याच्या पायांकडं पाहिलं. नावेत पाणी होतं, पण त्याचे पाय कोरडे होते. नावाड्यानं ओळखलं, हा माणूस नव्हे. अलीकडं आला, नावेची दोरी हातात धरली आणि पैलतीराकडं डोळे लावून बसला. दिवस गेले, पूर आले, पूर ओसरले. लोकांनी वेडा म्हटलं. दोरी झिजली, त्यानं नवी वळली. केस पिकले, हात थरथरायला लागले, पण दोरी काही सोडली नाही. आणि एका संध्याकाळी पाठीमागं वाळूत पाऊल वाजलं.

बुवा इथं थांबले. टाळ थांबले. आणि त्याच वेळी दक्षिणेच्या खांबापाशी कुसुमताई बसल्या जागी एका अंगावर कलंडल्या.

कीर्तन तिथंच मोडलं. बुवांनी वीणा खाली ठेवली आणि स्वतः धावत आले. ताईंची उजवी बाजू लुळी पडली होती. हुमनाबादच्या दवाखान्यात नेलं, औषधं झाली, तेल मालीश झालं. काही महिन्यांनी जिभेची गाठ सुटली, बोलणं पहिल्यासारखं आलं. तोंडाचा एक कोपरा तेवढा जरा खाली राहिला. हातपाय मात्र आले नाहीत. बैलगाडीचे हिसके बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी तरी कशाला, धरून उभं केलं तरी त्यांना घेरी यायची.

उन्हाळ्यात बुवा मुद्दाम घरी भेटायला आले होते. तेव्हा ताईंची जीभ अजून जड होती. त्यांनी एकच विचारलं. पाऊल कुणाचं? बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, अक्का, इथं बसून सांगितलं असतं, पण गुरूंची आज्ञा आहे. मोडलेलं आख्यान गादीवरच जोडायचं, आणि जिथं मोडलं तिथंच. कीर्तनाची ज्यांना गोडी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ताईंनी मान हलवली. आज्ञा म्हणजे आज्ञा. पण त्या दिवसापासून त्या पलंगावर पडल्या पडल्या आढ्याकडं बघायच्या, आणि मास्तरांना कळायचं की या आत्ता मांजरेच्या काठी आहेत.

वर्ष सरलं. जयंतीच्या दिवशी शेजारच्या रुद्रम्माबाई कवठवाडीहून प्रसाद घेऊन आल्या. त्यांनी निरोप आणला होता, बुवा आलेत, उद्या नावाड्याचं आख्यान, पावलापासून पुढं. मास्तर चुलीपाशी भाकरी थापत होते. हे काम ते आता बरं करू लागले होते, फक्त भाकरी गोल व्हायची नाही.

ताईंनी रुद्रम्माबाईंना उद्या दुपारी घरी बसायला विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, म्हशीची धार काढायच्या वेळेपर्यंत बसते, पुढं न्हाई जमणार. मग ताई मास्तरांना म्हणाल्या, "तुम्ही जा. पायी गेलात तर धारंच्या आत येणं व्हायचं न्हाई. सायकल काढा."

मास्तरांनी भाकरी उलटली. सायकल वर्षभर पडवीत भिंतीला टेकून होती. ब्रेक नाही, उतार कसा उतरायचा, असं काहीतरी ते पुटपुटले. ताई म्हणाल्या, मग बसवून आणा ब्रेक, शंकरप्पाचं दुकान काय बिदरला आहे?

शंकरप्पाचं सायकलीचं दुकान बसथांब्याजवळ होतं. मास्तरांनी आज ब्रेकसाठी सायकल आणलीय, हे ऐकून तो हातातली ट्यूब तशीच पाण्यात सोडून उभा राहिला. इतक्या वर्षांत ही सायकल पंक्चरला आली, साखळीला आली, ब्रेकला कधी आली नव्हती. काय झालंय ते त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं चेष्टा केली नाही. सळया तपासल्या, गंजलेले सांधे तेल घालून मोकळे केले, दोन वाकलेल्या सळया सरळ केल्या. मग रबराच्या खाचा बघून जीभ टाळ्याला लावून च्च् केलं आणि कानडी आदराचं 'री' लावत म्हणाला,

"हे जुन्या मापाचं हाय, मास्तर. आत्ताचं रबर यात बसत न्हाई री, घसरून पडतंय. गुलबर्ग्याहून मागवावं लागंल."

कीर्तन उद्या आहे, मास्तर म्हणाले. आवाजात काळजी होती, आणि खाली कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. शंकरप्पा विचार करून म्हणाला, दुसरी एक युक्ती आहे. जुन्या चपलेचा जाड रबरी तळवा असला तर त्यातनं तुकडे कापून बसवता येतील. टायरचा तुकडा चालणार नाही, त्यात दोरे असतात, कडीवर घासून सुटतात. चपलेचं रबर मऊ, पकडही चांगली धरतं. "फार झिजलेली नको. घरात हाय का एखादी?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढं माळा आला. माळ्यावरचं धोतराचं फडकं आलं.

"न्हाई," ते म्हणाले.

आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवणारा माणूस. सायकल दुकानातच ठेवून ते घरी आले आणि ताईंना म्हणाले, जमत नाही, माप मिळत नाही, आपण नको जायला. ताईंनी त्यांचं तोंड निरखलं. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. शंकरप्पा नेमकं काय म्हणाला? मग दुसरं कशाचं बसत न्हाई व्हय? मास्तरांना लपवणं कधी जमलंच नव्हतं. चपलेचा शब्द त्यांच्या तोंडून निघालाच.

ताई हसल्या. वर्षभरात इतकं मोकळं त्या हसल्या नव्हत्या. "आता कळलं का, कामून ठेवल्या होत्या त्या?"

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्या चपला असू देत. पाय येईल. डॉक्टरांनी आशा सोडा असं म्हटलेलं नाही. आणि पाय आला, ती पुन्हा मागं बसली, तर लोखंडाच्या सांगाड्यात रबर कोंबून काय करायचं? आज ब्रेक बसवणं म्हणजे... पुढचं त्यांना बोलता येईना. ते फडक्यासारखी धोतराची कड पिळत राहिले.

"इकडं बघा," ताई म्हणाल्या. "मी आता मागं बसणार न्हाई. हे मला ठाऊक हाय. तुम्हालाबी ठाऊक हाय. त्या बिचाऱ्या सायकलीला तेवढं कुणी सांगितलेलं न्हाई."

मास्तरांनी धोतराची कड सोडली.

"मी कीर्तनाला जाऊ शकत न्हाई, याचं मला किती वाईट वाटतंय ते दत्ताला माहीत. पण कीर्तन माझ्याकडं येऊ शकतंय की. ते तुम्ही आणायचं. रुद्रम्मा गोष्ट आणंल. मला गोष्ट नको, मला बुवा हवेत, टाळ हवेत. तुमच्याशिवाय कुणाला जमतंय ते?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाऊल कुणाचं ते कळल्याशिवाय मला मरायचं न्हाई. तुम्ही न्हाई गेलात तर पुढच्या जयंतीपर्यंत मला जगावं लागंल. तेवढ्या भाकरी थापाल?"

मास्तरांनी डोळे पुसले आणि माळ्याला शिडी लावली.

फडकं सोडलं तेव्हा त्यातनं सगळ्या संसाराचाच वास आला. धुरळ्याचा, तेलाचा, रबराचा. एकावर एक ठेवलेल्या डाव्या चपला. तळाची, लग्नानंतरची, लहान अंगठ्याची, मखमली पट्ट्याची. त्या वेळी पट्टा लाल होता, आता मातकट झालेला. मास्तरांनी एकेक उचलून बघितली. ही कुठल्या आख्यानाची, ती कुठल्या सालची, मनातल्या मनात लावत बसले. ताई खालून म्हणाल्या, दुकान बंद व्हायच्या आत निघा, आणि मखमलीची घेऊ नका.

त्यांनी सगळ्यांत वरची घेतली. गेल्या सालची. तिची जोडीदारीण देवळाच्या पायऱ्यांपाशीच राहिली होती, त्या गडबडीत कुणीतरी ही एकच उचलून आणली होती, आणि मास्तरांनीच ती फडक्यात ठेवली होती.

शंकरप्पानं चप्पल हातात घेतली, उलटून तळवा बघितला. मग तिचा पट्टा आधी हळूच सोडवून बाजूला ठेवला, जसा फुलाचा देठ काढावा तसा. तळवा पाटावर धरून चामडं कापायच्या रापीनं चार तुकडे कापले. धार पाण्यात बुडवून बुडवून कापत होता, नाहीतर रबर रापीला धरून बसतं. तुकड्यांच्या कडा कानशीनं घासल्या, खाचेत दाबून बसवल्या आणि हातोडीनं खाचेचे ओठ जरासे मिटले. मूठ दाबली. चाक थांबलं. पुन्हा फिरवून पुन्हा दाबली. शेवटी तो पट्टा कागदात गुंडाळून मास्तरांच्या हातात देत म्हणाला, "हे अक्कांना द्या. आणि सांगा, असलं चांगलं रबर मलाबी मिळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर निघाले. टाळ पिशवीत, पिशवी मुठीला. ताईंनी पलंगावरनंच सगळी तयारी तपासली होती, उपरणं बदलायला लावलं होतं, कीर्तनात डोळे मिटू नका म्हणून बजावलं होतं, कारण मास्तर डोळे मिटून टाळ धरायचे आणि बुवांचे हातवारे त्यांना दिसायचे नाहीत. यंदा ते हातवारेही आणायचे होते.

पारावर माणसं होती. मागं रिकामं कॅरिअर बघून आज कुणी काही विचारलं नाही. मास्तरांना वाटलं, कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुरीला शेंगा धरल्या होत्या. हरभऱ्याच्या वासाचं वारं होतं. सपाटीवर सायकल हलकी धावत होती, इतकी हलकी की ते मास्तरांना टोचत होतं. मग माळ संपला आणि खाली कवठवाडीची कौलं, औदुंबराचा हिरवा ढीग आणि ओढ्याची पांढरी रेघ दिसली. उतार लागला. सायकल आपणहून वेग घ्यायला लागली. इथं एक मोठा काळा दगड आहे, तो आला की मास्तर हाक द्यायचे. तो दगड आला आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "धर गं."

मागनं चप्पल करकरली नाही. धुरळा उडाला नाही. मास्तरांचे हात मुठी दाबून गेले होते, कधी ते त्यांना कळलंही नव्हतं. खालून, चाकाच्या आतनं, मऊ घरघर आली. सायकल सावकाश झाली. वळण आलं, पुन्हा उतार, पुन्हा त्यांनी दाबलं, आणि पुन्हा ती जुनी, समजूतदार पकड जाणवली. घाई न करणारी, हिसका न देणारी. अशीच धरायची ती. बाभळीपाशी सायकल उभी राहिली तेव्हा तापलेल्या रबराचा वास आला. उताराच्या शेवटी नेहमी यायचा तोच वास. मास्तर पाय टेकून तसेच थांबले. मागं वळून बघायचं धाडस त्यांना झालं नाही. बघितलं असतं तर कॅरिअर रिकामं दिसलं असतं.

देवळात बुवा गादीवर उभे राहिले. नमन झालं. त्यांची नजर दक्षिणेच्या खांबाकडं गेली आणि परत आली. गेल्या साली जिथं थांबलो, तिथूनच, एवढंच ते म्हणाले. आधीचं कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्या देवळानं ते वर्षभर उराशी धरलं होतं.

पाऊल वाजलं. नावाड्याला वाटलं, आला. पण डोळे पैलतीराला लागलेले. येणारा तिकडून यायचा, म्हणून तो मागं वळेना. पाऊल जवळ आलं, थांबलं. आवाज आला, नाव धरलीस का रे अजून? नावाडी म्हणाला, धरलीय, पण तू मागनं कसा आलास? तिकडून येतो म्हणाला होतास. तेव्हा आवाज म्हणाला, मी कुठं म्हणालो होतो? मी आलोच म्हणालो होतो, आणि आलोच होतो. तू रोज पलीकडं बघत बसलास. मी रोज अलीकडून भाकर घेऊन येत होतो. नावाडी वळला. बघतो तो डोक्यावर टोपली घेऊन त्याची बायको उभी. म्हातारी झालेली. आणि तिचे पाय कोरडे. ओल्या वाळूतनं चालत आली होती, पण पाय कोरडे.

बुवांनी इथं पद उचललं. मागनं टाळ यायला हवे होते. आले नाहीत. मास्तरांचे हात तसेच अधांतरी राहिले होते. बुवांनी वळून बघितलं, आणि टाळांशिवायच ते पद शेवटाला नेलं. कीर्तन संपल्यावर त्यांनी गळ्यातली झेंडूची माळ काढली आणि काही न बोलता मास्तरांच्या सायकलीच्या मुठीत अडकवली.

चढावर सायकल ढकलताना मास्तर पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. नमनापासून सुरुवात केली. चाल म्हटली, चुकली, पुन्हा म्हटली. चूक काढायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच काढली. वर पोचेपर्यंत त्यांनी सगळं कीर्तन, हातवाऱ्यांसकट, तीनतीनदा घोळून घेतलं, जसं पोरगं परीक्षेला जाताना घोळतं.

रुद्रम्माबाई दारातच उभ्या होत्या. म्हैस हंबरायलीय म्हणत त्या गेल्या. ताईंनी पहिलं विचारलं ते ब्रेकचं. मास्तर म्हणाले, लागले, झकास लागले. ताई म्हणाल्या, "लागणारच. डावा पाय पहिल्यापासून समजूतदार. उजव्यानं काम केलं म्हणून त्याचं नाव झालं."

दिवा लावून मास्तर पलंगापुढं उभे राहिले. टाळ काढले. नमन म्हटलं, तर ताई म्हणाल्या, फार पळायलात, बुवा असे पळत न्हाईत. ते सावकाश झाले. निरूपण सांगितलं, हात हलवले, नावाडी बसवला, पैलतीर दाखवला, वाळूत पाऊल वाजवलं. आणि तिथं आल्यावर ते अडले. पुढचा शब्द काही केल्या निघेना. टाळ हातात तसेच.

ताई आढ्याकडं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "भाकर आणली होती का तिनं?"

मास्तर थक्क झाले. कुणी सांगितलं तुला, म्हणाले. रुद्रम्माला तर माहीतच नव्हतं.

"सांगायचं काय त्यात? माणूस इतकी वर्षं दोरी धरून बसला, तर तो खात काय होता? बुवांनी ते सांगितलंच न्हाई. वर्षभर पडल्या पडल्या मी दुसरं काय करायले? तेवढाच विचार करायले." मग मान जराशी वळवून म्हणाल्या, "पण मला तुमच्या तोंडून हवं होतं. देव होता का बायको?"

"बुवा म्हणाले, देवच. तिच्या पावलांनी यायचा."

ताईंची नजर पुन्हा आढ्याकडं गेली.

"असंल. बुवा म्हणतायत तर असंलच. पण पाय तिचेच दुखले असतील."

मास्तर हसले आणि रडले, दोन्ही एकदमच. मग बाहेर जाऊन त्यांनी सायकल उचलून उंबऱ्याच्या आत घेतली, बुवांच्या माळेसकट. पलंगाला लागून स्टँडवर उभी केली. ताईंचा डावा हात, तो एकच हात आता ऐकणारा, उचलून त्यांनी डाव्या मुठीवर ठेवला आणि बोटं ब्रेकवर वळवून दिली. झेंडूची फुलं त्या बोटांना लागत होती. मग ते खाली बसले आणि पायडल हातानं फिरवला. मागचं चाक फिरायला लागलं. फिरता फिरता त्याच्या काड्या दिसेनाशा झाल्या, आणि दिव्याच्या उजेडात भिंतीवर एक मोठी, गरगरती सावली उठली. घरभर उताराचं वारं सुटल्यासारखं झालं.

"धर गं," मास्तर म्हणाले.

ताईंनी धरलं. आतनं ती मऊ घरघर आली, चाक सावकाश झालं, थांबलं. खोलीत रबराचा वास पसरला. ताईंनी डोळे मिटले होते. त्या कुठल्या वळणावर होत्या, मास्तरांनी विचारलं नाही.

थोड्या वेळानं डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "पुन्हा फिरवा. अजून ओढा आलेला न्हाई."